शांतवनबाबांची रेघ

"बाई, चर्चच्या भिंतीवरची पुराची रेघ कुणीतरी खाली सरकवलीय," कल्याण म्हणाला. समोरचा चहा तसाच निवत होता.

क्रिस्टीनाबाई नगरला सावेडीत खाजगी तपासाचं काम करत. त्यांच्या हाताखाली होते निवृत्त हवालदार कारभारी. तीस वर्षांच्या नोकरीत कारभारींचा पहिला संशय कधीही खरा ठरला नव्हता, पण त्यांचा उत्साह तसूभरही कमी झाला नव्हता.

कल्याण पूररेषा आखणारा अभियंता. तीस वर्षांपूर्वी घोडनदीचं पाणी कुठवर चढलं, याची गेरूची रेघ श्रीगोंद्याकडच्या एका गावात चर्चच्या दाराशी होती.

"बारा वर्षांपूर्वी मीच मोजली होती. पायरीपासून चार फूट दोन इंच. परवा भरली साडेतीन फूट!"

"आठ इंचांनी काय होतंय?" कारभारी म्हणाले.

"काठ सपाट आहे, काका. रेघ खालची धरली, तर प्लॉट विकणाऱ्या वाल्मिकची सगळी जमीन निळ्या पूररेषेबाहेर पडते. म्हणजे तिथं घरं बांधायला मोकळीक. उद्या नकाशा मंजुरीला जाईल, आणि उद्याच तिथं दया नावाची बाई पाया खोदणार आहे. दोन लहान लेकरं आहेत तिला."

"वाल्मिकच!" कारभारी चप्पल घालायला उठलेसुद्धा.

वाल्मिक प्लॉटवरच भेटला. दयाच्या घराच्या पायाची पांढऱ्या फक्कीनं आखणी करून झाली होती.

"फायदा माझा हाय, म्हनून मीच चोर व्हय?" तो उसळला. "ती रेघ शांतवनबाबाची. दर नाताळला चर्चला चुना बसला, की त्योच नवी वढतो. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई. इचारा गावात!"

कारभारींनी चर्चची पायरी तपासली. कुणी ती उचलून वर बसवली असेल, अशी त्यांची दुसरी अटकळ होती. पण पायरीच्या सांध्यांत जुना चुना घट्ट होता, चीरसुद्धा नव्हती. कारभारी हिरमुसले.

शांतवनबाबा चर्चची झाडलोट बघत. दया त्यांचीच लेक. तिनं पाहुण्यांना चहा दिला. बाबा कमरेत इतके वाकले होते, की कपाकडं मान न्यायला त्यांना फारसे कष्ट पडत नव्हते.

"त्या दिवशी ही सहा म्हयन्यांची हुती," ते म्हणाले. "हिची आई म्हायेरी गेल्ती. पानी आलं तसा चर्चच्या पायरीवर चढलो. हिला डोक्यावर धरली. पानी काखेला लागलं आन् थांबलं. देवानं थांबवलं."

"रेघ मारताना टेप लावता?" बाईंनी विचारलं.

"टेप कशाला? ते पानी मी इसरीन व्हय?"

"तुझा प्लॉट कुणी निवडला?" बाई दयाकडं वळल्या.

"मीच. रेघ बघूनच घेतला. बाबांची रेघ खोटी कशी आसंल?"

चर्चकडं निघताना बाबांनी टोपी मागितली. दयानं ती भिंतीवरच्या खुंटीवरून काढून दिली.

"खुंटी भलतीच उंच ठोकलीय," कारभारी म्हणाले.

"बाबांनीच ठोकली, तरनेपणी," दया हसली.

क्रिस्टीनाबाई मात्र त्या खुंटीकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

चर्चच्या दाराशी वाल्मिकही येऊन थांबला होता. बाईंनी बाबांची परवानगी घेतली आणि चाकूनं रेघेच्या वरचा चुना हळूहळू खरवडला. एक थर निघाला, तर बोटभर वर गेरूची दुसरी रेघ. अजून एक थर, त्याहून वर तिसरी. खरवडत गेल्या तशी रेघांची शिडीच दिसू लागली.

"चोर असता तर रेघ एकदाच सरकली असती," बाई म्हणाल्या. "ही दरवर्षी थोडी थोडी उतरलीय. पायरी जागची हललेली नाही, भिंतही नाही. मग हललं काय? बाबा, तुम्ही रेघ कशी ओढता ते दाखवता?"

बाबा पायरीवर चढले, भिंतीला टेकले आणि काखेखाली बोट ठेवलं. बोट बरोबर खालच्या रेघेवर टेकलं.

कारभारींना एकदम ती खुंटी आठवली.

"पाणी काखेला लागलं होतं, हे खरंच आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण तेव्हा त्या खुंटीला तुमचा हात पोचत होता. तुम्ही वाकत गेलात, बाबा, आणि पूर तुमच्याबरोबर उतरत गेला. चूक एवढीच."

बाबा मटकन पायरीवर बसले. "म्हंजी पोरीला मीच पान्यात घालत हुतो?"

दयानं त्यांचा हात धरला. मग ती पायरीवर चढून सगळ्यांत वरच्या, पहिल्या रेघेशी पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या हनुवटीला लागली. कल्याणनं टेप धरला. साडेचार फूट.

"तुमी एका लेकराला डोक्यावर धरलं, बाबा," ती म्हणाली. "मला दोन हायेत."

तिनं गेरूचा डबा आणला आणि जुन्या रेघेवरून जाड रेघ ओढली. "यंदापासनं मी वढीन. तुमी निस्तं शेजारी बसायचं."

वाल्मिक मुकाट्यानं प्लॉटवरची फक्की पायानं पुसायला गेला. कल्याणनं नकाशातला आकडा बदलला.

गाडी निघायची वेळ झाली तरी कारभारींचा पत्ता नव्हता. बाई त्यांना शोधत बाबांच्या घरी गेल्या. आतून हातोडीचे ठोके येत होते. कारभारी टोपीची खुंटी हातभर खाली ठोकत होते.