ओढ्यातला पांढरा थर

"लोसुते, ऊठ! आणखी एक शेळी पडली!"

"पडू दे. मी तरी कुठे उभा आहे?" बाभळीच्या विरळ सावलीत आडवा झालेल्या लोसुतेने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

चेमाकलने चुलतभावाच्या पायाला काठीने ढोसलं. वसतिगृहातून डिसेंबरच्या सुट्टीत घरी येताना तिने ठरवलं होतं, मनसोक्त लोळायचं! आणि इथे? पहाटेपासून शेळ्या, दुपारी पाणी, संध्याकाळी परत शेळ्या. आणि आता त्याही एकेक करून मरायला लागल्या होत्या.

तिचा धाकटा भाऊ लोपेयोक शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "ताई, पाय बघ कसे थरथरतायत. ही दुभती आहे गं. घरातल्या बाळाचं दूध हिचंच."

शेळीने एकदा मान ताणली आणि सोडून दिली. लांबून कापसेरा डोंगरावरच्या विहिरीची घरघर ऐकू येत होती. डोंगराच्या पोटातली वाफ काढून तिथे वीज करणार होते म्हणे. वीज अजून आली नव्हती, घरघर मात्र रोज येत होती.

संध्याकाळी मोठी माणसं जमली. कापेलो आजोबांनी मुलांना समोर उभं केलं.

"शाळा शिकून काय मिळवलंत? झाडाखाली झोपता, आणि शेळ्या नको तो पाला खातात!"

"नाही हो आजोबा! आम्ही..."

"पाल्याने नाही मरत," एक म्हातारबाबा खोकत म्हणाले. "त्या वीजवाल्यांनी डोंगराला भोकं पाडलीत. त्याचा हा कोप आहे. उद्याच रस्ता अडवू. एकही गाडी वर जाऊ द्यायची नाही."

चेमाकलच्या आईने मान खाली घातली. रस्ता बंद झाला की प्रकल्पाने दिलेला नळही बंद होणार. मग पुन्हा डोक्यावर डबे, पुन्हा लांबच्या पाणवठ्यापर्यंतची तंगडतोड.

"आजोबा," चेमाकल म्हणाली, "उद्याचा एक दिवस द्या. शेळ्या काय खातात ते आम्ही बघतो."

"बघा. पण डोळे उघडे ठेवून बघा."

दुसऱ्या दिवशी तिघं शेळ्यांच्या मागे नुसती चालत राहिली. इथल्या डिसेंबरचं ऊन मी म्हणत होतं. बाभळीच्या शेंगा खाली सांडल्या होत्या, पण शेळ्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या नाकासमोर निघाल्या त्या थेट कोरड्या ओढ्याच्या घळीत! तिथल्या दगडांवर पांढरा थर चढला होता. शेळ्या तो चाटू लागल्या आणि मधल्या डबक्याला तोंड लावू लागल्या.

"हाक! हाक त्यांना!" चेमाकल ओरडली. लोसुतेने काठी फिरवत शेळ्या मागे रेटल्या. तेवढ्यात लोपेयोकने एका दगडाला जीभ लावलीसुद्धा.

"थू! खारट! आणि कडू!"

"गाढवा! चाटलंस कशाला?"

"शेळ्या चाटतात म्हणून!"

"मग उद्या बाभळीचे काटेही खा!" लोसुतेने त्याच्या तोंडावर पाण्याची बाटली रिकामी केली. "चूळ भर आधी. गिळू नकोस!"

चेमाकल दगडाकडे बघत राहिली. "हे कुठून आलं? डोंगराच्या भेगांतली वाफ आपली आजी गवताखाली अडवते, ती गार होऊन झालेलं पाणी आपण लहानपणापासून पितो. त्याला कुठे अशी चव असते?"

"वाफेचं नाही," लोसुते हळूच म्हणाला. "वाफेबरोबर विहिरीतून खारं पाणीही येतं. ते टँकरने वरच्या तळ्यात नेऊन ओततात, त्याला जाड प्लास्टिकचं अस्तर आहे. आणि हे खाली बघ."

वाळूत रुंद चाकांचे माग होते.

तोच इंजिनाचा आवाज आला. शेळ्यांना घळीबाहेरच्या वळणाआड पिटाळून तिघं खडकामागे दडली. एक टँकर डुगडुगत घळीत शिरला. चालक आणि मदतनीस उतरले, मागची तोटी उघडली आणि पाणी धो धो करत ओढ्यात पडू लागलं!

"उस्ताद, कुणी बघितलं म्हणजे?" मदतनीसाने विचारलं.

"शेळ्या बघतील," चालक जांभई देत म्हणाला. "त्या घाटात दिवसभर वर-खाली करून माझी कंबर गेलीये. मुकादम म्हणतो, फेऱ्या वाढव. इथे ओतलं की फेऱ्या आपोआप वाढतात. चल, अंग टाकू जरा."

टँकरखालच्या सावलीत चपला उशाशी ठेवून दोघं घोरू लागले.

"मी चाकातली हवा सोडतो!" लोसुते कुजबुजला.

"नको. मग म्हणतील पोरांनी गाडी मोडली. आणि आपण सांगितलं तर हे म्हणतील, आम्ही इथे आलोच नव्हतो." चेमाकलने घळीचं तोंड पाहिलं. दोन्ही बाजूंना उभे कडे. आत यायची आणि बाहेर जायची वाट एकच, तीही अरुंद. काठावर कुणाचा तरी जुना गोठा पडला होता, त्याच्या काटेरी फांद्यांचा ढीग होता. "आपण रोज संध्याकाळी शेळ्यांचं काय करतो?"

लोसुतेला हसू फुटलं. "कोंडतो!"

फांद्या ओढताना हात सोलवटले. लोपेयोकच्या टाचेत काटा गेला, त्याने ओठ चावला पण आवाज केला नाही. थोड्याच वेळात वाटेवर माणसाच्या छातीएवढं कुंपण उभं राहिलं. मग लोपेयोक लंगडत आजोबांकडे पळाला आणि लोसुते विहिरीवरच्या इंजिनियर म्वेंदे मॅडमना आणायला. चेमाकल एकटीच कुंपणाबाहेर उभी राहिली.

चालक जागा झाला. "ए पोरी! काढ ते!"

"नाही काढणार!"

"गाडी घालीन वरून!"

"घाला की! मग काट्यांनी सगळी चाकं इथेच बसतील, आणि तुम्हीही!"

तो रागाने पुढे आला, काट्यांकडे पाहिलं, आपल्या पातळ चपलांकडे पाहिलं. मग मटकन दगडावर बसला. "तुला काय मिळणार गं यातून?"

"आमच्या शेळ्या मेल्या, काका. बाळाचं दूध गेलं."

चालकाने चेहरा दोन्ही हातांनी पुसला. "मला वाटलं, ओढा ओसाड आहे," तो पुटपुटला. "कोण येतंय इथं!"

आजोबा आणि गावकरी धापा टाकत पोचले. पाठोपाठ मॅडमची जीपही आली. मॅडमच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"आमच्या गाड्या वरच्या तळ्यावरच जातात," त्या उतरता उतरता म्हणाल्या.

"वर जाऊन कधी बघितलंत, मॅडम?" चेमाकलने विचारलं.

मॅडम फांद्यांमधून वाट काढत आत गेल्या, डबक्याशी वाकल्या आणि त्यांनी तो थर नखाने खरवडून पाहिला. परत येऊन त्या म्हणाल्या, "नाही बघितलं. चूक माझीच आहे. टँकर आजच बंद. मुकादमाचं मी बघते. हा थर खरवडून नेऊ, ओढ्याला कुंपण घालू, गुरांचा डॉक्टरही उद्या येईल. मेलेल्या शेळ्यांच्या बदल्यात शेळ्या देऊ."

"डॉक्टरने आधी या पठ्ठ्याची जीभ बघावी," लोसुते म्हणाला. "यानेही दगड चाटलाय!"

सगळे हसले. थकलेलं, पण बऱ्याच दिवसांनी आलेलं हसू. मॅडमनी मात्र लोपेयोकला लगेच जवळ घेऊन त्याचं तोंड तपासलं.

गावकरी बाभळीखाली बोलायला बसले. रस्ता अडवायची गोष्ट आता कोणी काढली नाही. कापेलो आजोबांनी नातवंडांकडे पाहिलं.

"मी या पोरांना नको ते बोललो," ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आपण डोंगराला दोष दिला, पोरांना दिला. ओढ्यापर्यंत चालत मात्र ही पोरंच गेली. शाब्बास रे पोरांनो!"

मग त्यांनी आपलं छोटं लाकडी स्टूल चेमाकलपुढे सरकवलं. त्यावर आजवर त्यांच्याखेरीज कोणी बसलं नव्हतं. दोघा-तिघा म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्या.

"बस. या मॅडमशी काय ठरवायचं ते आधी तू सांग."

चेमाकल बिचकत बसली. "दर आठवड्याला गावातल्या कुणीतरी वर जाऊन तळं बघायचं," ती म्हणाली. "मॅडमबरोबर."

"मान्य," मॅडम म्हणाल्या.

आजोबांनीही मान डोलावली. आणि तेव्हा कुठे चेमाकलला कळलं, आपले पाय किती दुखतायत ते.