माझ्याआधी येऊन गेलेला

त्या परक्या देशात टायरच्या दुकानावरची एक खोली मी भाड्याने घेतली होती. पंखा लावला की वायरीतून जळका वास यायचा, म्हणून पंखा बंद ठेवून, घाम पुसत मी सकाळी शर्टाला इस्त्री करायचो. शर्ट एकच, पांढरा. खाली टायरवाल्याची हवा भरायची मशीन सुरू झाली की साडेसहा वाजले असं समजायचं आणि निघायचं.

तिकडच्या छोट्या विमान कंपन्या ईमेल वाचत नाहीत. परदेशी पायलटला काम हवं असेल तर उड्डाणांच्या नोंदींचं लॉगबुक काखेत मारून हँगरच्या, म्हणजे विमानांच्या शेडच्या, दाराशी उभं राहायचं, रोज. कुणी आजारी पडतो, कुणी सोडून जातो, आणि त्या दिवशी जो दारात असेल त्याला आत बोलावतात. ही पद्धत मला तिथल्याच एका मेकॅनिकने सांगितली. मला आधी ती थट्टा वाटली होती.

माझी जुनी कंपनी बंद पडून चौदा महिने झाले होते. बायको शाळेत शिकवून घर ओढत होती. मुलगी आठ वर्षांची. बायकोशी ठरलं होतं की हा शेवटचा प्रयत्न. व्हिसा संपेपर्यंत काम मिळालं नाही, तर परत यायचं आणि मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. मेव्हणा भला माणूस. त्याने माझ्यासाठी फिरती खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. त्या खुर्चीचा विषय निघाला की मी फोन ठेवून द्यायचो.

व्हिसाचे अकरा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मला निघायलाच दुपार झाली होती. पहिल्या हँगरमधली रिसेप्शनिस्ट मला बघून हसली.

"परत आलात? अहो, सकाळीच सांगितलं ना, जागा नाही म्हणून."

"मी सकाळी आलोच नव्हतो," मी म्हटलं.

"आलात की. पाणीही प्यायलात. किती छान बोलत होतात."

शेवटचं वाक्य ऐकून माझी खात्रीच पटली की तो मी नव्हतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. नोकरी मागतानाही मी उपकार केल्यासारखा बोलतो, असं बायको म्हणते. मी रिसेप्शनिस्टशी थोडी हुज्जत घातली आणि बाहेर पडलो. पुढच्या दोन हँगरमध्येही तेच. मी येऊन गेलो होतो, कागद दाखवून गेलो होतो, सगळ्यांना आवडलो होतो. आपल्या देशाचा दुसरा कुणी पायलट आलेला दिसतोय आणि या लोकांना आपण सगळे सारखेच दिसतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत पटण्यासारखी होती. त्या रात्री मी नीट झोपलो.

तिसऱ्या दिवशी त्यातल्याच एका कंपनीच्या हँगरमध्ये मोठ्या कॅप्टनने मला आत बोलावलं. तो त्या कंपनीचा चीफ पायलट, सत्तरीकडे झुकलेला, गुडघ्यावर पट्टा बांधून फिरणारा. सगळे त्याला मोठा कॅप्टन म्हणत. त्याने टेबलावरचा कागद माझ्यासमोर सरकवला.

"ये, बस. काल सही करायची राहिली तुझी. तिन्ही लँडिंग झकास. डोंगरपट्टीवर पहिल्याच दिवशी असं उतरलेला माणूस मी फार वर्षांत पाहिला नाही."

डोंगरपट्टीबद्दल मी ऐकून होतो. चढावरची आखूड धावपट्टी आणि तिच्या शेवटी सरळ डोंगर. एकदा खाली यायला लागलात की उतरायचंच, पुन्हा वर उचलून फेरी मारायला जागाच नाही. म्हणून नियम असा होता की नव्या पायलटने मोठ्या कॅप्टनला शेजारी बसवून तिथे तीनदा उतरायचं, दोघांनी कागदावर सही करायची, आणि मगच त्याला एकटं पाठवायचं.

काल दिवसभर मी खोलीत होतो. शर्ट धुऊन वाळत घातला होता आणि बनियनवर बाहेर पडता येत नव्हतं.

कागदावर माझं नाव होतं, माझा लायसन्स नंबर होता. तीन लँडिंगच्या वेळा होत्या. खाली मोठ्या कॅप्टनची सही होती आणि तिच्याशेजारची जागा रिकामी होती. बायकोने निघताना बजावलं होतं की तोंड उघडण्याआधी दहापर्यंत मोज. मी मोजलं. फिरती खुर्ची डोळ्यांसमोर आली, मुलीचं तोंड आलं. दहा झाले तेव्हा मी पेन उचललं आणि सही केली.

लाज वाटली. खोटं कशाला सांगू, आनंद त्याहून जास्त झाला. नोकरी पक्की झाली, कंपनीने व्हिसाही वाढवून घेतला. फोनवर बायको रडली. "बघ, गोड बोललं की कामं होतात," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

एकट्याने डोंगरपट्टीवर गेलो त्या दिवशी माझ्यामागे आठ प्रवासी होते आणि माझं धाबं दणाणलं होतं. दरी वळली, डोंगर समोर उभा राहिला, आणि पट्टी एवढीशी दिसली. मी जोरात आपटत उतरलो. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. दार उघडलं तेव्हा पट्टीवरची एजंट वजनकाट्याजवळ उभी होती. प्रवासी मोजणं, सामान तोलणं, रेडिओवरून वारा सांगणं, सगळं ती एकटीच बघायची.

"हे काय कॅप्टन? काल तर विमान टेकलेलं कळलंसुद्धा नाही. आज भांडून आलात का कुणाशी?"

"काल मी आलो होतो?"

"आलात की. माझ्या सासूच्या गुडघ्याची चौकशी केलीत."

काल कंपनीचं एकही विमान डोंगरपट्टीवर गेलं नव्हतं. मी परत येऊन उड्डाणांची वही तपासली.

पुढे हे रोजचंच झालं. जिथे जाईन तिथे मी आदल्या दिवशी येऊन गेलेलो असायचो. मी लोकांना हसवलेलं असायचं, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचललेल्या असायच्या. माणसाला सवय कशाचीही होते. काल मी इथे सुखरूप उतरलो होतो म्हणजे आजही उतरेन, असा हिशेब मी करायला लागलो. रेडिओवर वारा विचारून झाला की मी हळूच विचारायचो, "मी येऊन गेलो का?" एजंटला तो माझा विनोद वाटायचा. ती हो म्हणाली की माझा जीव भांड्यात पडायचा.

पण मन खात होतंच. महिनाभराने, विमानं धुऊन झाल्यावर, मी मोठ्या कॅप्टनला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. ती तीन लँडिंग माझी नव्हती. सही तेवढी माझी.

तो रागावला नाही. त्याने मला स्टुलावर बसवलं आणि मी आजारी असल्यासारखा माझ्या पाठीवर हात ठेवला.

"अरे, तू माझ्या शेजारी दोन तास होतास. सगळा वेळ मुलीचंच सांगत होतास. ती सरकत्या जिन्याला घाबरते. मग तू तिला कडेवर घेतोस आणि साध्या जिन्याने चढतोस."

हे मी त्या देशात कुणालाही सांगितलं नव्हतं.

"बोलता बोलता डोळे भरून आले तुझे," तो म्हणाला. "तुला घेतलं ते लँडिंग बघून नाही. ज्याला घरी जायची एवढी ओढ आहे, तो विमान जपून चालवतो. थकलायस तू. तीन महिने पुरे होऊ देत, मग पंधरा दिवस घरी जाऊन ये."

तीन महिने झाले. शनिवारचं तिकीट काढलं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, डोंगरपट्टीवर उतरण्याआधी मी रेडिओवर नेहमीसारखं विचारलं. एजंट म्हणाली, "नाही कॅप्टन. काल नाही आलात."

खाली पट्टी दिसत होती, मागे माणसं बसली होती. परत फिरावं असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, विमान चालवायला आलोय ना इथे? मी चाकं खाली सोडली.

इतका हलका मी आजवर कधीच उतरलो नव्हतो. ते लँडिंग माझं होतं, नखशिखांत माझं. इंजिन बंद करून मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. रडू येत होतं आणि हसूही.

गुरुवारी दुसऱ्या एका पट्टीवर विचारलं. नाही.

शुक्रवारी तिसरीकडे विचारलं, तिथेही नाही. गेला एकदाचा, म्हणून मी शीळ घालत परतलो. वाटेत मुलीसाठी लाकडी विमान घेतलं आणि बायकोसाठी निळी छत्री.

दुपारी ऑफिसच्या फोनवरून घरी फोन लावला. किती वाजता पोचतोय ते सांगायचं होतं.

"हॅलो," बायको म्हणाली. आवाज दबका होता.

"अगं, मी."

अनोळखी माणसाशी बोलावं तशी ती अदबीने म्हणाली, "कोण बोलताय?"

"मी बोलतोय. उद्या संध्याकाळी पोचतोय."

"तुम्ही ह्यांच्या कंपनीतून बोलताय का? ते बुधवारीच आले. मुलगी त्यांच्या हातावर डोकं ठेवून झोपलीय, म्हणून उठवत नाही हं. काही निरोप द्यायचाय का?"