तळाचं पाणी

सायखेड्याच्या सुलाबाईला शिळं पाणी अजिबात खपत नसे. उभा जन्म गोदावरीच्या काठी गेलेला. आदल्या दिवशीचा हंडा ती सकाळी खुशाल अंगणात ओतून द्यायची. त्यामुळे नाशकात लेकीच्या घरी पाऊल ठेवलं आणि तिचं पहिलं वाजलं ते लताच्या हौदाशी.

घर गंगापूर रोडच्या मागच्या कॉलनीत. दोन खोल्या आणि मागे मोरी. मोरीत कमरेइतका सिमेंटचा हौद, वर पत्र्याचं झाकण. ब्याऐंशी सालचा उन्हाळा होता. नळ दुपारी यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर! आला की लता पाइप लावून हौद भरायची. तळ मात्र कधी घासायची नाही.

"अगं, डास व्हतील! कवाचं पानी हाय हे?"

"राहू दे आई. वीतभर जुनं पाणी तळाला ठेवायचंच. आधीच्या भाडेकरीण बाई बजावून गेल्यात. विरजणासारखं असतं ते."

"पान्याला इरजण? येडी का खुळी तू?"

लता हसली नाही. ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सुलाबाई तिला न्यायला आली होती.

पण खरी धास्ती वेगळीच होती. जावई सावळीराम कारखान्यात कामाला. दिसायला देखणा, हाताने राक्षस. मागच्या वर्षी लता फुटकी भुवई घेऊन माहेरी आली, तेव्हा सुलाबाईने तिलाच एक ठेवून दिली आणि एसटीत बसवून परत धाडलं. सुलाबाईचाही हात तसा लवकरच सुटायचा. ते आठवलं की आता ती स्वतःलाच दोष द्यायची. पोर आणि पोरीच्या पोटातला जीव, दोन्ही धड घरी न्यायचे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि इथे बघावं तर जावई गरीब गाय झालेला. खालमानेने जेवायचा. आंघोळ पुढच्या अंगणात, नळाखालच्या पिंपातल्या पाण्याने करायचा, मोरीत पाऊल टाकत नसे.

एकदा भाजीत मीठ जास्त पडलं. सावळीरामने ताट भिरकावलं, आवाज चढवला, आणि मोरीतून 'डबक' असा आवाज आला. हौदाचं झाकण तर बंद होतं. सावळीराम जागच्या जागी थिजला. सांडलेली भाजी त्याने बोटांनी गोळा केली आणि निमूट खाल्ली. तो वाकला तेव्हा सुलाबाईला त्याच्या मानेवर पाच डाग दिसले. पांढरे, सुरकुतलेले. खूप वेळ धुणं धुतल्यावर बोटांची कातडी होते तसे.

"आता मारत नाय ना गं तुला?" तिने लेकीला हळूच विचारलं.

"तळाचं पाणी आहे तोवर नाही."

सुलाबाईने कपाळावर हात मारला. पोटुशा पोरीच्या डोक्यात असलं भरवणाऱ्या त्या भाडेकरणीला तिने मनातल्या मनात लाखोली वाहिली.

दुसऱ्या दिवशी लता शेजारच्या चंद्रभागाबाईंबरोबर दवाखान्यात गेली. सुलाबाईने पदर खोचला, खराटा घेतला आणि हौद उपसायला सुरुवात केली. वरचं पाणी कोमट होतं. तळाचं मात्र बोटं बधिर व्हावीत इतकं गार, आणि तांब्या भिजलेल्या गोधडीसारखा जड. तिने ते मोरीत ओतलं. मागच्या दाराबाहेर, जिथे मोरीचं पाणी जायचं, तिथला अळू वारा नसताना हलला. सुलाबाईने हौद विटकरीच्या भुकटीने लख्ख घासला. नळ आला, तिने ताजं पाणी भरलं. जीव कसा निवला तिचा!

लता आली, झाकण उचलून तिने आत हात घातला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय करून बसलीस गं आई! चल, आत्ताच्या आत्ता निघू."

पिशवी भरून होईतो सावळीराम दारात. ऊन कलत होतं. तो थबकला, कान देऊन ऐकत राहिला. मग मोरीच्या उंबऱ्यावर गेला. एक पाय आत टाकला. काही झालं नाही. त्याने झाकण काढलं, ओंजळ भरली, सावकाश तोंड धुतलं.

"मामी," तो हसत म्हणाला, "लई उपकार केलेत बघा."

आणि वळून त्याने लताच्या कानशिलात भडकावली.

इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. लाथ, बुक्की, पुन्हा लाथ. लता पोटावर हात धरून गोळा झाली होती. सुलाबाई मध्ये पडली, तसं त्याने पत्र्याचं झाकण तिच्या तोंडावर हाणलं. दात तुटला. त्याने तिला मागच्या दारातून बाहेर भिरकावलं. मग लताचे केस धरले आणि तिचं डोकं हौदात दाबलं.

सुलाबाई अळवात पडली होती. उघड्या दारातून लेकीचे पाय दिसत होते. झाडत होते. मग कमी झाडायला लागले.

हाताखालचा चिखल बर्फासारखा गार होता.

तिने दोन्ही मुठी भरल्या आणि धावत जाऊन तो चिखल हौदात टाकला.

डबक.

लता सुटली. खोकत, ओकत मागे कोसळली.

सावळीराम मात्र वाकलेलाच राहिला. मग आणखी वाकला. हौदाच्या कडेवर त्याची छाती आपटली, बरगडी मोडल्याचा आवाज झाला. त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. नखं सिमेंटवर फाटली. मान आत गेली, खांदे गेले. गुडघे भिंतीवर आपटून फुटले.

पाणी एक थेंबही बाहेर सांडलं नाही.

पोलिसांनी लिहिलं, मोरीत पाय घसरून मृत्यू.

लता सायखेड्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी. नाशकाहून येताना तिने कडीच्या डब्यात हौदातलं पाणी आणलं होतं. ते तिने घरातल्या रांजणात ओतलं, आणि सुलाबाईने स्वतः वर झाकण ठेवलं. रांजण पुन्हा कधी पालथा घातला गेला नाही.

नात चालायला लागली. एका सकाळी तिने दुधाचं भरलं पातेलं पालथं केलं. सुलाबाईचं डोकं सणकलं, हात वर गेला.

कोपऱ्यातल्या रांजणात 'डबक' झालं.

चुलीपुढे बसलेली लता मान वर न करताच म्हणाली, "हात खाली घे आई. लवकर. माझं ऐकत नाही ते."

सुलाबाईने हात खाली घेतला. मनगटावर पाच पांढरी, सुरकुतलेली बोटं उमटली होती, आणि अजून सुटली नव्हती.