आडवं माप

बेटावर येऊन दोन दिवस झाले, तरी टेलरबाईने समुद्र एकदाच पाहिला होता, तोही एका कापडाच्या दुकानाच्या मागच्या खिडकीतून. तीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बाईला दुसरं काय दिसणार? ती प्रत्येक दुकानात शिरे, कापड चिमटीत चोळी, काठ डोळ्यांजवळ नेई, आणि "नुसती खळ आहे, एका धुण्यात चाळण होईल," असं दुकानदाराच्या तोंडावर सांगून बाहेर येई. मागोमाग तिचा नवरा, घड्याळं दुरुस्त करणारा, पिशव्या सांभाळत आणि घाम पुसत चाले.

"लोक बेटावर हवा खायला येतात," तो म्हणाला, "आम्ही आलो धूळ खायला."

गल्लीच्या टोकाला, चार पायऱ्या उतरून जायचं एक दुकान होतं. आत एक शिलाई मशीन, एक लांब बाक, आणि सगळे तागे एकाच कापडाचे. ओल्या राखेच्या रंगाचं सुती कापड. टेलरबाईने ते चिमटीत धरलं आणि तिला नाव ठेवायला जागाच सापडेना. इतका एकसारखा धागा तिने जन्मात पाहिला नव्हता. फक्त ते गार होतं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि कापड माठासारखं गार.

"यांच्यासाठी सदरा हवा," ती म्हणाली.

मशीनवरची म्हातारी उठली. गळ्यातली टेप काढून तिने बाकाकडे बोट दाखवलं. "निजा."

"माप उभ्याने घेतात, आजी."

"उभा माणूस पोट आत ओढतो."

"हे मात्र खरं!" म्हणत नवरा चपला काढून आडवा झाला. बाकाचं लाकूड झिजलेलं होतं. डोक्याच्या जागी एक खळगा, टाचांच्या जागी दोन. तो त्यात नेमका बसला. म्हातारीने खांदा मोजला, बाही मोजली. लिहून काहीच घेतलं नाही. मग त्याचे दोन्ही हात उचलून त्याच्या छातीवर ठेवले आणि बाही पुन्हा मोजली.

टेलरबाई पुढे झाली. "उठा आता," ती नवऱ्याला म्हणाली. जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सदरा तयार होता. शिवण अशी की टाका शोधावा लागे. तिने तो उलटा केला आणि थांबली. पाठ वरपासून खालपर्यंत उघडी होती. असे सदरे तिने एकदाच शिवले होते, सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा. त्यांना हात वर करता येत नसत.

"हा मागून उघडा का?"

"घालायला सोपा."

"हे स्वतःच्या हाताने कपडे घालतात."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कीव होती, आणि तीच टेलरबाईला सोसेना. तिने म्हातारीला बाजूला केलं, स्वतः मशीनवर बसली आणि पाठ शिवून टाकली. दोनदा सुई तुटली.

"अगं, सुट्टीवर आहेस ना तू?" नवरा हसला. पुढची बटणं नुसती शोभेची होती, त्यांना काजंच नव्हती. सदरा डोक्यावरून घालून तो ऐटीत रस्त्यावर निघाला.

पन्नास पावलांवर तो म्हणाला, "छातीत गार वाटतंय गं."

आणखी थोडं चालल्यावर तो एका दुकानाच्या पायरीवर बसला. ओठ निळसर झाले होते. "मला जरा आडवं होऊ दे."

तिने सदरा वर ओढून पाहिला. निघेना. मग त्याला पुढे वाकवून, भर रस्त्यात, स्वतःच घातलेली शिवण तिने दातांनी तोडली. पाठ टरटर उसवली.

त्याच्या तोंडावर हळूहळू रंग आला. "काय हे? चांगला होता की सदरा," तो कुरकुरला.

दुकानदाराने त्याला एक जुना शर्ट आणि पाणी दिलं. "इथून हलू नका," असं बजावून ती सदरा घेऊन परतली आणि तिने तो म्हातारीपुढे बाकावर टाकला.

"आम्हाला नको हा."

म्हातारीने वाद घातला नाही. सदरा सरळ केला, त्यावर हात फिरवला.

"एकदा कापलेलं मी वाया घालवत नाही," ती म्हणाली आणि तिने कात्री घेतली.

खांदे दोन बोटं आत घेतले. बाह्या आखूड केल्या. गळा थोडा उतरवला. छातीशी खडूने दोन टक्स आखले, ब्लाउजला असतात तसे. टेपला तिने हात लावला नाही.

टेलरबाईने आयुष्यभर मापंच पाहिली होती. तिसऱ्या कापाला तिने हे माप ओळखलं.

ती पायऱ्या चढून वर गेली. गल्लीत, त्या दुकानाच्या पायरीवर, नवरा पाणी पीत बसला होता. दुकानदाराला काहीतरी सांगत होता आणि दोघंही हसत होते.

ती परत आत आली. स्टुलावर बसली.

"माझा डावा खांदा," ती म्हणाली. "अर्धा इंच उतरता आहे. मशीनवर वाकून वाकून."

म्हातारीने मान वर केली नाही.

"ते धरलंय मी," ती म्हणाली.