पेप्पामावशीची चोच

"मासा नको हो... हाड तेवढं द्या."

रायमोंडाची सुरी हवेतच थांबली. बेटावरच्या काब्रास गावच्या बाजारात काटे काढून मासा मागणारी गिऱ्हाइकं तिच्या सवयीची होती. मासा ठेवून हाड मागणारा हा पहिलाच. वसंतातल्या भुरभुर पावसाने त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते, आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"माकुळाचं हाड? हा समुद्रफेस? कुत्र्यासाठी असेल तर आधीच सांगते, हुंगून निघून जाईल."

"कुत्र्यासाठी नाही, कासवांसाठी. चावून चावून चोच झिजते त्यांची, कवचही टणक राहतं."

"कासवाला चोच!" रायमोंडा हसत सुटली. शेजारच्या गाबोळीवालीने मान वळवून पाहिलं, कारण ही पोरगी हसली त्याला बरेच दिवस झाले होते. "अहो, आमच्याकडे आईच्या लग्नापासून एक कासवीण आहे. पेप्पामावशी म्हणतो आम्ही तिला. मला तर तिची चोच कधी दिसली नाही."

"जेवताना बघितलंय तिला?"

आई गेल्यापासून तिने पेप्पाकडेच काय, धड स्वतःच्या ताटाकडेही पाहिलं नव्हतं.

"आज बघा," तो मऊ आवाजात म्हणाला. "पानाला तोंड घालते आणि घास चुकतो का. तोंड नीट मिटतं का. वरच्या चोचीला पोपटासारखा बाक आला असेल तर मला बोलवा. जनावरांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं ऑपरेशन झालंय ना, त्यांच्या जागी आलोय मी. प्रियामो."

"आणि बाक नसला तर?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढ्या वेळात त्याचे कान लाल झाले.

"तरीही बोलवा."

बाक होता. चांगला हनुवटीखाली उतरलेला होता. संध्याकाळी रायमोंडाने स्वयंपाकघरात पेप्पासमोर कोबीचं पान धरलं. पेप्पाने मान लांबवली, तोंड उघडलं, घास घेतला... आणि पान होतं तिथेच. पुन्हा मान लांबवली, पुन्हा हुकली. मग तिने म्हाताऱ्या बाईसारखा सुस्कारा टाकला आणि डोळे मिटले.

"असं नाही खात ती," बाबा म्हणाले. सिसिन्नियो नाव त्यांचं. उभा जन्म खाऱ्या तळ्यात जाळी टाकण्यात गेलेला, तळहात होडीच्या फळीसारखे झालेले. त्या हातांनी त्यांनी दुधात पाव कुस्करला, बोटावर घेतला आणि पेप्पाच्या तोंडाशी धरला. "बघ कशी खाते. लेकरू आहे माझं."

रायमोंडाची आई विटालिया लग्न होऊन या घरात आली तेव्हा रीतीप्रमाणे माहेरच्या अंगणातलं कासव ओच्यात घेऊन आली होती. नवरा पुरेल न पुरेल, कासव पुरतं, असं गावातल्या बायका म्हणत. झालं उलटंच. अंगणात कपडे वाळत घालताना विटालिया कोसळली, आणि त्या दिवसापासून बाबांनी अंगणाचं दार लावलं ते लावलंच. पेप्पाला त्यांनी आत आणलं. ऊन लागेल, काटा बोचेल, दगडावर आपटेल... त्यांनी तिला इतकं जपलं, इतकं जपलं, की बिचारीला तोंड मिटता येईना.

दुसऱ्या दिवशी प्रियामो आला. त्याने पेप्पाला तळहातावर घेऊन चारी बाजूंनी पाहिलं, कवच दाबून पाहिलं आणि बाबांना बसवूनच सांगितलं, "काका, हिला मऊ खाऊ घालून घालून असं झालंय. काटेरी झुडपं, निवडुंगाची फोड, दगडावर ठेवलेला पाला, असलं खाऊन ती चोच घासली जाते. आणि उन्हाशिवाय हाडं पोसत नाहीत. दार उघडा."

"ते दार नाही उघडायचं," बाबा म्हणाले.

मग रायमोंडा उठली आणि कडी काढली. गंजलेल्या बिजागऱ्या किरकिरल्या. अंगणात गवत माजलं होतं आणि दोरीवर अजून आईचे दोन चिमटे होते. बाबांनी तोंड फिरवलं, पण दार लावायला ते उठले नाहीत.

"धरा हिला," प्रियामो म्हणाला. "घट्ट नको... विश्वासाने."

"म्हणजे कसं धरायचं?"

"असं." त्याने तिची बोटं आपल्या बोटांनी कवचावर बसवली. दुसऱ्या हाताने पेप्पाच्या मागच्या पायांना हलकेच गुदगुल्या केल्या. पेप्पाने चिडून डोकं बाहेर काढलं आणि त्याने ते जबड्यामागे दोन बोटांत अलगद पकडलं. विजेवरची लहानशी कानस गरगरू लागली. पांढरी भुकटी उडाली, जळक्या नखाचा वास सुटला. रायमोंडाचा श्वास अडकला. तो वासामुळे की बोटांमुळे, हे तिचं तिलाच ठाऊक.

"एवढंच? अजून कितीतरी राहिलंय!"

"एकदम उतरवली तर तडकते, रक्त येतं. आज थोडी. तीन आठवड्यांनी थोडी."

"म्हणजे तुम्ही... पुन्हा येणार?"

"चोच सांगेल तसं."

उन्हाळाभर चोच सांगत राहिली आणि प्रियामो येत राहिला. बाजारातल्या बायकांनी पेप्पाच्या प्रकृतीची एवढी चौकशी कधी केली नव्हती. "काय गं, मावशीची चोच बरी का? की आणखी बिघडली?" रायमोंडा माशांच्या खवल्यांवर पाणी मारायची, आणि थोडं त्यांच्याही अंगावर.

अंगण पुन्हा जागं झालं. प्रियामोने एक खरखरीत फरशी आणून मांडली, तिच्यावर पाला ठेवायचा. समुद्रफेसाचा तुकडा कोपऱ्यात. पेप्पा निवडुंगापर्यंत चालत जायची, काटेरी पान कराकरा तोडायची, आणि तो आवाज ऐकून बाबा दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायला लागले. पुढे उंबरा ओलांडून खुर्चीपर्यंत. एके दिवशी तर विटालियाचे चिमटे काढून त्यांनी खिशात ठेवले.

"तुमचे हात फार गार असतात," प्रियामो एकदा म्हणाला.

"बर्फातला मासा विकते मी. तुमचे का थरथरतात?"

"कानस थरथरते."

"कानस बंद आहे, डॉक्टर."

तो इतका गडबडला की पेप्पाने तेवढ्यात डोकं आत ओढून घेतलं. ते परत बाहेर यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासाबद्दल कोणाची काहीच तक्रार नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी त्याने पेप्पाचं तोंड उघडलं, मिटलं, आणि समाधानाने मान डोलावली. "छान. आता कानशीची गरज नाही. थंडीत ती महिनोन्महिने झोपेल, त्याच्या आधी, ऑक्टोबरात, एकदा बघतो. मग... म्हातारे डॉक्टर परत येतायत. मी उदिनेला जाईन."

समुद्रापलीकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. रायमोंडाने म्हणायला हवं होतं, थांबा. एवढाच शब्द. तो गळ्यापर्यंत आला. आईला शेवटचं काही सांगायचं राहिलं तेव्हाही तो असाच तिथे अडकला होता. ती म्हणाली, "बरं."

आणि मग तिने जे केलं, ते प्रेमात पडलेल्या शहाण्या माणसानेच करावं. दुपारी बाबा झोपले की ती फरशी उचलून भिंतीला लावायची, समुद्रफेस खिशात टाकायची आणि पेप्पासमोर सोललेला टोमॅटो, टरबुजाचा गर, दुधातला पाव ठेवायची. पेप्पा आनंदाने खायची. चोच वाढली की तीन आठवड्यांनी, तीन आठवड्यांनी, तीन आठवड्यांनी... म्हातारे डॉक्टर आले तरी हा अर्धवट काम टाकून जाणार नाही, असा तिचा हिशोब होता. थोडीशीच वाढू दे, ती मनाशी म्हणायची. जे आपल्या तोंडाने बोलवत नव्हतं, ते तिने त्या मुक्या जीवाच्या तोंडावर सोपवलं.

ऑक्टोबरात प्रियामो शीळ घालत आला. पेप्पाला उचलताच त्याची शीळ थांबली.

"हलकी झालीय." त्याने तिला उलटं करून पाहिलं, शेपटीजवळचा बरबटलेला भाग पाहिला, मग तोंड. वरची चोच पुन्हा खाली झुकू लागली होती. "पोट बिघडलंय, आणि चांगलंच. दूध, फळं... असल्या पोटानं ही झोपली तर उठणार नाही." तो वळला. इतक्या महिन्यांत त्याचा आवाज कधी चढला नव्हता. "काका, हे काय केलंत? मी इतकं समजावलं होतं! जीव लावता म्हणता आणि जीव घेता?"

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी प्रियामोकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं... आणि तिला कळलं, दुपारी ते झोपलेले नसायचे.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्याला राहवलं नाही."

"राहवलं नाही? अहो, ती मरेल!"

बाबांनी मान खाली घातली. ते होडीच्या फळीसारखे हात मांडीवर पडून राहिले. रायमोंडाला ते बघवेना. गप्प राहिली असती तर प्रियामोच्या मनातली ती तशीच राहिली असती, त्याला आवडणारी. बाबांनी तिच्यासाठी तेवढंच विकत घेतलं होतं, आपली अब्रू देऊन.

"बाबांनी नाही," ती म्हणाली. "मी घातलं."

"काय?"

"मी. रोज दुपारी. चोच वाढावी म्हणून... तुम्ही येत राहावं म्हणून."

कुठेतरी शेजारी कोणी चादर झटकली. प्रियामोचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर असं काही आलं की तिला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बोलावलं असतंत तर आलो असतो," तो हळू म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. तरीही बोलवा."

त्याने आपलं काम केलं. चोच घासली, औषध दिलं, यंदा तिला झोपू देऊ नका, उबेत ठेवा म्हणून बजावलं, स्वतःच्या दवाखान्यातला दिवा आणून लावून दिला. निघेपर्यंत रोज येऊन गेला. पण रायमोंडाकडे त्याने पाहिलं नाही, आणि पेप्पाला धरायला त्याने बाबांना बोलावलं. जायच्या दिवशी माएस्त्राले, म्हणजे वायव्येचा समुद्रवारा, इतका सुटला होता की गल्लीच्या टोकाशी तो वळून पाहतोय की टोपी सावरतोय, हे तिला समजलं नाही.

पेप्पामावशीने हिवाळाभर झुंज दिली. रायमोंडाने बाजार सोडला, तिच्याजवळ ठाण मांडलं, तिला कोमट पाण्यात बसवलं, काटेरी पानं बारीक चिरून दिली. चोच आता सुंदर होती, अगदी जशी असावी तशी. फक्त ती उघडायची ताकद उरली नव्हती. बदामाला फुलं आली त्या आठवड्यात एका सकाळी पेप्पाने डोकं बाहेर काढलं ते आत नेलंच नाही.

बाबांनी तिला निवडुंगाखाली पुरलं. वर समुद्रफेसाचा तुकडा ठेवला. रायमोंडा मातीत बसून हमसून हमसून रडली, आईच्या वेळेला रडायचं राहिलेलं तेही रडली. "बाबा, मी मारलं तिला. आईचं एवढंच होतं तुमच्यापाशी, आणि मी..."

"अर्धं मी मारलं होतं," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर ते दोन चिमटे बाहेर आले. "मला तुझ्या आईला जाऊ द्यायचं नव्हतं. तुला त्याला. बोलता दोघांनाही आलं नाही, आणि भरडली ती. लग्नाला तुझ्याबरोबर द्यायची होती गं ही. आता अंगणात द्यायला काही नाही उरलं."

इस्टरच्या आधी, रायमोंडा अंगणात गवत उपटत होती. फाटक वाजलं. प्रियामो उभा होता, चष्म्यावर भुरभुर पावसाचे थेंब, हातात काही नाही. औषधांची पेटीही नाही.

"इथं आता कासव नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. बाबांनी फोन केला होता, त्याच दिवशी."

"मग कशाला आलात?"

"आलो." तो निवडुंगापाशी गेला, वाकला, पांढरा तुकडा सरळ केला. "फार रागावलो होतो मी तुझ्यावर. अजूनही थोडा आहे... पण तिथं रोज सकाळी वाटायचं, बाजारात जाऊन हाडं मागावीत." तो उठला. "रात्रीची बोट आहे परतीची."

रायमोंडाच्या हातातलं गवत खाली पडलं. शब्द गळ्यापर्यंत आला. तिथे नेहमीसारखा अडकला. तिने निवडुंगाखालच्या मातीकडे पाहिलं. आता तिच्यासाठी बोलायला कोणाचीही चोच उरली नव्हती.

"थांब," ती म्हणाली. मग नीट, त्याच्याकडे बघून, "प्रियामो... थांबशील?"

त्याने चष्मा काढला. पण पुसला नाही, नुसता हातात धरला.

"आज थांबतो."

"आणि उद्या?"

"उद्या पुन्हा विचार. तीन आठवड्यांनी नाही... रोज विचारायचं."

तिने मान हलवली. रडत होती, तरी हलवली. उंबऱ्यात बाबा उभे होते. दार उघडंच ठेवून ते आत वळले आणि फडताळातून तिसरं ताट काढलं.