सात नंबरचा बोया

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण माझी थोरली बहीण खोटं बोलत नाही, आणि हे तिच्या डोळ्यांदेखत घडलंय.

ताई समुद्राचा अंदाज देणाऱ्या कार्यालयात आहे. समुद्राला कुंपण नसतं, म्हणून शेजारशेजारच्या चार देशांनी मिळून पाण्यात मोठाले पिवळे बोये नांगरून ठेवलेत. ते लाटांची उंची कळवत राहतात. आकडे चारही देशांत एकदमच दिसतात.

त्या दिवशी दुपार होती. लख्ख ऊन. जोडीदार रजेवर, म्हणून ताईची सलग दुसरी पाळी. डोळे चुरचुरत होते. चहासुद्धा नकोसा झाला होता.

फोन वाजला.

पलीकडच्या देशात हेच काम करणारी एक बाई आहे. ताई तिला शेजारीण म्हणते. दोघी कधी भेटलेल्या नाहीत.

"तुमच्या सात नंबरवर सहा मीटरच्या लाटा दिसताहेत गं."

ताईनं पडद्याकडे पाहिलं. खरंच होतं. आजूबाजूच्या बोयांवर मात्र... पाणी सपाट.

"सात नंबर पाण्यात नाहीच," ताई म्हणाली. "दुरुस्तीला आणलाय. आमच्या गोदामात पडलाय."



"मग होड्या परत बोलावायच्या की नाही? तिथे तुमच्याही आहेत, आमच्याही. दोघींनी हो म्हटल्याशिवाय इशारा जात नाही."

"थांब. बघून येते."

गोदाम आवारातच होतं. मेकॅनिक दाराबाहेर उभा होता. आत पाऊल टाकायला तयार नव्हता.

"बॅटरी मी स्वतः काढलीय, मॅडम," तो म्हणाला. "तरी सकाळपासून आवाज येतोय."

ताईनं कान दिला.

चुबुक... चुबुक...

होडीच्या बुडाला पाणी थापटतं, तसा.

फरशी कोरडी ठणठणीत होती.

बोया जुन्या टायरांवर ठेवला होता. तो हलत होता. हळूच वर... हळूच खाली...

त्याची साखळी फरशीवर सैल पडली होती. ताईच्या देखत ती ताणली गेली. एकेक कडी करत... दुसऱ्या टोकाला कुणी लटकल्यासारखी.

मग सैल पडली.

मग पुन्हा ताणली.

ताई आल्या पावली परतली. फोन तसाच चालू होता.

"बोलावून घे सगळ्यांना."

"कारण काय सांगू?"

"माझं नाव सांग."

साहेबांनी तिला फैलावर घेतलं. किनाऱ्याला लागलेल्या मच्छीमारांनी तोंडसुख घेतलं. समुद्र आरशासारखा होता, त्यांचं तरी काय चुकलं? ताईनं सगळं ऐकून घेतलं. भांडायला अंगात त्राणच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत होड्या आल्या. एक सोडून.

ती दोन भावांची होती. वायरलेसवर थोरला हसून म्हणाला होता, "पाणी तळ्यासारखं आहे, ताई. एवढं जाळं ओढतो नि येतो."

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या देशातल्या गस्ती बोटीला होडी दिसली. सात नंबर जिथे नांगरलेला असायचा, नेमकी तिथे. इंजिन चालू... जाळं नीट घडी करून ठेवलेलं... होडी आतून-बाहेरून ओलीचिंब.

माणसं नव्हती.

त्या सबंध काळात चार देशांच्या एकाही बोयावर साधी लाट उमटली नव्हती. सात नंबर सोडून.

चौकशीत 'यंत्रातला बिघाड' ठरलं. बोया भंगारात गेला. ताईला ताकीद मिळाली.

आम्ही घरच्यांनी तिला परोपरीनं सांगितलं, सोड ती नोकरी. ती म्हणाली, "मग होड्या कोण बोलावणार?"

परवा जेवताना आपणहून बोलली. वादळाचं तिला काही वाटत नाही म्हणे. वादळ दिसतं तरी.

"पाणी शांत असलं ना," ती म्हणाली, "की मी होड्या मोजत बसते."

आणि ताट तसंच ठेवून उठली.