पडद्यामागचं ट्रम्पेट

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी तिथे होते. माझ्या या कानांनी ऐकलंय.

१९४३चा ऑगस्ट. अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका तंबाखूच्या गोदामात शनिवारी संध्याकाळी नाच होता. आमचा बँड सगळ्या बायकांचा, सगळ्या काळ्या. मी सॅक्सोफोन वाजवायचे.

आमची ट्रम्पेटवाली इमोजीन बसमध्ये तापाने फणफणली होती.

गोऱ्यांच्या दवाखान्याने दारातूनच परत पाठवलं. काळा डॉक्टर पुढच्या गावात. आणि गोदामाचा मालक पर्विस, त्याने बसच्या किल्ल्याच काढून घेतलेल्या.

"आधी वाजवा. मग मरा कुठेही."

आमची म्होरकी मिस वेर्ना म्हणाली, "मध्यंतरापर्यंत वाजवू. मग किल्ल्या दिल्या नाहीत तर नरडीवरच बसते त्याच्या."

ड्रायव्हर टॉलिव्हरकाकांना इमोजीनपाशी ठेवून आम्ही मंचावर चढलो.

तिची खुर्ची रिकामी. गाण्यात तिची वाजवायची जागा आली की ट्रम्पेट नाही... देवा, मध्यंतरापर्यंत तिला जगव, एवढंच मनात चालू होतं.

मध्यंतराआधीचं गाणं. पुन्हा तिची जागा आली...

आणि मागून ट्रम्पेट वाजलं.

उंच. स्वच्छ. तिचंच.

खुर्ची रिकामीच होती. आवाज पडद्यामागून येत होता.

शेजारची ज्युनेटा हसली. "गाऊन घातला नसेल बयेने. म्हणून लपून वाजवतेय."

आम्हाला पटलंच. बँडच्या पांढऱ्या गाऊनशिवाय कुणी मंचावर पाऊल टाकलं तर मिस वेर्ना तिला दुसऱ्या दिवशी घरी पाठवायची.

मिस वेर्नाचे डोळे भरून आले. "उतरला गं ताप पोरीचा."

मध्यंतर तिने घेतलंच नाही. लोक बेभान झाले होते. एकामागून एक गाणी... ट्रम्पेट थांबेना.

मग थांबलं.

अर्ध्या सुरावर...

मी पडदा सारला. मागे कोणीच नव्हतं. फुकटे आत शिरू नयेत म्हणून पर्विसने मागच्या दाराला आतून अडसर घातला होता. आम्हाला पत्ताच नाही.

बाहेरून कोणीतरी दार बडवत होतं.

अडसर काढला. टॉलिव्हरकाका. हातांची सालटी निघालेली.

"किती वेळ ठोकतोय! पुढून पर्विस आत सोडेना. ठोकायचो, धावत जाऊन तिला बघून यायचो. त्या ट्रम्पेटपुढे तुम्हाला ऐकू जाईना." त्यांनी तोंड फिरवलं. "आत्ता गेली ती."

"काका, अहो, ती तर वाजवत होती..."

"कशाने वाजवेल? ट्रम्पेटची पेटी बंद आहे तिची. जागची हलली नाही पोर. नुसती तीन बोटं चालत होती चादरीवर. मला वाटलं, तुम्हाला बोलावतेय."

ट्रम्पेटला तीनच कळा असतात. ती वाजवत होती, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगते. शेवटचं, मनासारखं.

पण काकांचं खरं असेल तर...

तर ती आम्हाला हाका मारत होती, आणि आम्ही तिच्या सुरात सूर मिळवत बसलो होतो.